सरकारी अनुदानावरच्या अर्थसंशोधन संस्था : अहवालामागचा पैसा आणि धोरणामागचा अहवाल कसा शोधायचा?

तळटीप (धागाकर्ता)

"एका नामवंत संस्थेच्या अभ्यासानुसार…" अशी बातमी आली आणि ती संस्था सरकारी पैशावर चालणारी निघाली, की आपण तिला तटस्थ मानून मोकळे होतो. खरं तर इथे तीन वेगळे प्रश्न आहेत. संस्था कुणाच्या पैशावर उभी आहे? तो विशिष्ट अभ्यास कुणाच्या पैशावर झाला? आणि तो सरकारी फायलीत कुठल्या दारानं शिरला? पहिल्याचं उत्तर संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतं. बाकी दोन्हींसाठी कागद काढावे लागतात, आणि धागा त्यासाठीच आहे.

भारतातलं चित्र थोडक्यात असं. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक फायनान्स अँड पॉलिसी (एनआयपीएफपी, १९७६) अर्थ मंत्रालयाखालची स्वायत्त संस्था. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था (१९८७) रिझर्व्ह बँकेनं उभारलेली आणि तिच्याच पैशावर चालणारी. आयसीएसएसआरच्या (सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला पैसा देणारी केंद्राची परिषद) अनुदानावरच्या संस्थांचा एक गट आहे, त्यात तिरुवनंतपुरमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज (सीडीएस), दिल्लीची इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक ग्रोथ वगैरे येतात. पुण्याची गोखले संस्था (१९३०) अभिमत विद्यापीठ आहे आणि तिच्यातलं कृषी-आर्थिक संशोधन केंद्र केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या पैशावर चालतं. एनसीएईआर (१९५६) आणि इक्रिअर (१९८१) या दिल्लीतल्या अर्थसंशोधन संस्थांचा कारभार मिश्र आहे, प्रकल्पागणिक प्रायोजक बदलतो.

लॉबिंगचा, म्हणजे सरकारी निर्णय आपल्या बाजूला वळवण्यासाठी केलेल्या प्रयत्नांचा, कायदा आपल्याकडे नाही. २०१३ साली कलिकेश नारायण सिंह देव यांनी लोकसभेत लॉबिंगची माहिती उघड करण्याबाबत खासगी विधेयक मांडलं, ते पुढे सरकलं नाही. त्याच्या थोडं आधी, डिसेंबर २०१२ मध्ये, भारतातल्या बाजारप्रवेशासाठी वॉलमार्टनं लॉबिंगवर खर्च केल्याचं आपल्याला कळलं. तेही कंपनीनं अमेरिकेत तिथल्या कायद्यानुसार भरलेल्या विवरणपत्रांतून! मग इथे न्या. मुकुल मुद्गल यांची एकसदस्यीय समिती नेमली गेली.

ज्यांना हिशेब, माहिती अधिकार, संसदीय समित्या किंवा परदेशातली पद्धत ठाऊक आहे त्यांनी नेमकं लिहावं. "सगळे विकले गेलेत" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

लेखाशीर्ष

हिशेबापासून सुरू करतो, कारण सर्वात जास्त गल्लत इथेच होते.

केंद्रीय स्वायत्त संस्थांसाठी लेख्यांचा एकसमान नमुना आहे. तो वापरणाऱ्या संस्थेचा वार्षिक अहवाल उघडलात की बहुतेक लोक उत्पन्न-खर्च पत्रक बघतात. त्यात परिशिष्ट १३ म्हणजे अनुदानं, १२ म्हणजे विक्री व सेवांपासूनचं उत्पन्न, १५ गुंतवणुकीचं, १८ इतर. तिथे सरकारी अनुदानाचा आकडा मोठा दिसतो आणि लोक निष्कर्ष काढतात की संस्था जवळपास पूर्ण सरकारी पैशावर चालते.

प्रायोजित प्रकल्पांचा पैसा तिथे बहुधा दिसतच नाही. विशिष्ट कामासाठी आलेली रक्कम संस्थेचं उत्पन्न धरत नाहीत. ती ताळेबंदात परिशिष्ट ३ मध्ये, म्हणजे राखीव-विनिर्दिष्ट निधीत जाते, किंवा परिशिष्ट ७ मध्ये चालू देण्यांत. तिथे प्रकल्पवार तक्ता असतो : आरंभीची शिल्लक, वर्षात जमा, वर्षात खर्च, अखेरची शिल्लक. प्रायोजकाचं नाव कुठे दिसलंच तर याच तक्त्यात. उत्पन्नात येतो तो फक्त संस्थेनं प्रकल्पातून कापून घेतलेला प्रशासकीय हिस्सा. म्हणून "अनुदान भागिले एकूण उत्पन्न" असं गुणोत्तर काढलं तर ते सरकारच्या बाजूला झुकलेलं येतं. भाजक म्हणून परिशिष्ट १३ ची रक्कम अधिक परिशिष्ट ३ व ७ मधल्या प्रकल्पांची "वर्षात जमा" धरा, चित्र बदलतं.

आणखी तीन ठिकाणी फसायला होतं.

एक, "इतर प्रायोजक" नावाची ओळ. छोट्या रकमा एकत्र टाकायला ती असते, पण काही अहवालांत तीच सर्वात मोठी ओळ असते.

दोन, शिखर संघटना किंवा प्रतिष्ठान यांच्यामार्फत आलेला पैसा. तक्त्यात प्रतिष्ठानाचं नाव येतं, त्याला पैसे कुणी दिले ते येत नाही.

तीन, उणे शिल्लक. प्रकल्पाची अखेरची शिल्लक उणे असेल तर प्रायोजकाकडून हप्ता यायचा आहे आणि संस्था स्वतःच्या पैशातून, म्हणजे बऱ्याचदा सरकारी अनुदानातून, खाजगी प्रकल्प ओढते आहे. लेखापरीक्षणाच्या दृष्टीनं हा गंभीर मुद्दा आहे.

अनुदान किती असलं की महालेखापरीक्षकांचं लेखापरीक्षण लागतं, हेही लक्षात ठेवा. १९७१ च्या कायद्याचं कलम १४ : वर्षाला किमान २५ लाख आणि एकूण खर्चाच्या किमान ७५ टक्के असं अनुदान किंवा कर्ज असेल तर. किंवा १ कोटी व त्यावर असेल तर राष्ट्रपतींच्या, राज्यात राज्यपालांच्या, पूर्वमान्यतेनं.

चौकट राजा नाही

परदेशी पैशाचं काय? एफसीआरएच्या (परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा) संकेतस्थळावर सगळं असायचं ना?

लेखाशीर्ष

असायचं. जुलै २०२२ मध्ये नियम बदलले, तिमाही माहिती देण्याची तरतूद काढली आणि गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून संस्थांची वार्षिक विवरणपत्रंही दिसेनाशी झाली. पण नियम १३ मधला उरलेला भाग अजून आहे : आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत परदेशी निधीचं लेखापरीक्षित विवरण संस्थेनं स्वतःच्या किंवा केंद्रानं ठरवलेल्या संकेतस्थळावर टाकायचं. तेव्हा ३१ डिसेंबरनंतर संस्थेच्याच संकेतस्थळावर "एफसी-४" (परदेशी निधीचं वार्षिक विवरणपत्र) शोधा. मुख्य पानावर दुवा क्वचितच असतो, तळाशी "अनिवार्य प्रकटीकरण" किंवा "आर्थिक माहिती" असं काहीतरी असतं.

घासाघीस

थोडा वेगळा सूर लावतो. तुम्ही सगळे खाजगी प्रायोजकाच्या मागे आहात. सरकारच प्रायोजक असेल तेव्हा?

किरकोळ व्यापारातल्या परकी गुंतवणुकीचा वाद घ्या. संघटित किरकोळ व्यापाराचा असंघटित दुकानांवर परिणाम काय, हा अभ्यास इक्रिअरला सरकारनंच, औद्योगिक धोरण व प्रोत्साहन विभागानं, दिला होता. २००८ मध्ये आला. चर्चेत त्यातलं एकच वाक्य फिरलं : एकूण रोजगार घटल्याचा पुरावा नाही. अहवालात मात्र असंही होतं की मोठ्या दालनांजवळच्या छोट्या दुकानांची विक्री आणि नफा सुरुवातीच्या काळात घटला, नंतर परिणाम विरत गेला, आणि संघटित स्पर्धेमुळे दुकानं बंद पडण्याचं प्रमाण वर्षाला १.७ टक्के होतं. नमुना १० मोठ्या शहरांतला. तालुक्याच्या गावाबद्दल त्यावरून काय बोलणार? २००९ मध्ये वाणिज्यविषयक संसदीय स्थायी समितीनं नेमकी उलटी शिफारस केली. २०१२ मध्ये बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकी गुंतवणुकीला परवानगी मिळाली.

इथे लपवलेलं काही नाही. प्रायोजक उघड, अहवाल उघड, तरी प्रभाव पडायचा तो एका वाक्याचाच पडला. मग प्रायोजकाचं नाव छापून काय साधणार?

तळटीप

साधतं ते एवढंच, की पुढचा प्रश्न कुणाला विचारायचा ते कळतं. त्या अभ्यासात विभागाचं नाव होतं म्हणूनच संसदेच्या समितीला आणि व्यापारी संघटनांना कार्यकक्षेवर बोट ठेवता आलं.

तुमचा मुद्दा मात्र दुसऱ्या उदाहरणात जास्त टोकदार होतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये एनआयपीएफपीनं आधारच्या खर्च-लाभाचा अभ्यास काढला. अंतर्गत परतावा दर (गुंतवलेल्या पैशावर वर्षाला मिळणारा परतावा) ५२.८५ टक्के! दशांशानंतर दोन आकडे असले की माणूस गप्प बसतो. लाभाची बाजू मुख्यतः एका गृहीतकावर उभी होती : रोजगार हमी, रेशन अशा योजनांत अमुक टक्के गळती आहे आणि आधारमुळे ती थांबेल. गळतीचा किती भाग ओळखीच्या घोळामुळे आणि किती वजनमापात, पुरवठ्यात किंवा कंत्राटात होतो, याचं उत्तर त्या आकड्यात नव्हतं. अर्थतज्ज्ञ रीतिका खेरा यांनी त्यावर सविस्तर आक्षेप घेतले. तोवर ५२.८५ सर्वत्र पोचला होता.

असा अहवाल वाचताना आधी गृहीतकांचा तक्ता शोधावा, मग संवेदनशीलता-तपासणी. एक गृहीतक निम्मं केल्यावर निष्कर्ष उलटतो का, हे अहवालातच दिलेलं नसेल तर तो खात्याची बाजू मांडणारा कागद समजावा, मग तो कुणीही लिहिलेला असो.

कागदवाला

माहिती अधिकाराचं मी लिहितो. पहिली चूक : लोक संस्थेला अर्ज करतात. संस्था "आम्ही सार्वजनिक प्राधिकरण नाही" म्हणते आणि वर्ष-दोन वर्षं त्याच वादात जातात.

त्या वादात पडायचंच असेल तर आधार माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(एच)चा, म्हणजे "मोठ्या प्रमाणावर वित्तपुरवठा". थलप्पलम सहकारी बँक निकालात (२०१३) सर्वोच्च न्यायालयानं हा निकष कडक धरला : नुसती सवलत किंवा मदत पुरेशी नाही. डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या निकालात (२०१९) तो थोडा सैल झाला : ५० टक्क्यांपेक्षा जास्तच पैसा हवा असं नाही, सवलतीत दिलेली जमीनही हिशेबात येऊ शकते. म्हणून मोक्याच्या सरकारी भूखंडावर उभ्या संस्थेबाबत जमिनीचा आदेश आधी मिळवा, मग प्राधिकरणाचा वाद घाला.

सोपा रस्ता असा : अभ्यास ज्या खात्यानं दिला त्या खात्याला विचारा. ते निर्विवाद प्राधिकरण आहे आणि सगळे कागद त्याच्याकडे असतात. मागायचं ते असं :

"(अहवालाचं पूर्ण नाव, वर्ष) या अभ्यासाबाबत : १) मंजुरी आदेश व करारनामा, सर्व जोडपत्रांसह. २) कार्यकक्षा आणि तिच्यात वेळोवेळी केलेले बदल. ३) सामान्य वित्तीय नियम २०१७ च्या नियम १९४ नुसार नामनिर्देशनानं निवड केली असल्यास त्याचं समर्थन नोंदवणारी टिपणी व सक्षम अधिकाऱ्याची मान्यता. ४) दिलेल्या रकमा व दिनांक. ५) मसुदा अहवाल, त्यावर खात्यानं कळवलेले अभिप्राय आणि अंतिम अहवाल स्वीकारल्याचा आदेश. ६) संबंधित फाइलची तपासणी."

पाचवा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. मसुदा आणि अंतिम शेजारी ठेवले की काय गाळलं, कुठलं विशेषण बदललं, कुठला तक्ता जोडपत्रात ढकलला ते समोर येतं. तिसराही सोडू नका. निविदेशिवाय एकाच संस्थेला काम द्यायचं तर पूर्ण कारण फायलीवर लिहावं लागतं, आणि त्या टिपणीत कधीकधी "या संस्थेनं यापूर्वी याच विषयावर अनुकूल काम केलं आहे" अशा अर्थाची वाक्यं असतात.

केंद्रात शुल्क १० रुपये, अर्ज साधारण ५०० शब्दांत, ऑनलाइन पोर्टलच्या चौकटीत ३,००० अक्षरं. पानाला २ रुपये, तपासणीचा पहिला तास फुकट, पुढे तासाला ५ रुपये. उत्तर ३० दिवसांत, त्रयस्थाची नोटीस काढली तर ४०. मुदत उलटली तर कलम ७(६) नुसार माहिती विनामूल्य द्यावी लागते, पत्रात ते आठवणीनं लिहा. महाराष्ट्रात राज्याच्या खात्यांना अर्ज करताना शब्दमर्यादा १५० आणि एका अर्जात एकच विषय. वरचा मजकूर तिथे दोन अर्जांत तोडा : एकात १ ते ४, दुसऱ्यात ५ आणि ६. अपिलाला राज्यात २० रुपये लागतात, केंद्रात काहीच नाही.

"का" असा प्रश्न अर्जात टाकू नका. "या संस्थेचीच निवड का केली" याला उत्तर येतं : माहिती अधिकारात खुलासा देणे अपेक्षित नाही. आणि ते बरोबर आहे, जी नोंद अस्तित्वात आहे तीच मिळते. "का" ऐवजी "निवडीचं कारण नोंदवलेल्या टिपणीची प्रत".

घासाघीस

आणि माहिती नाकारायच्या कलमांची, ८(१)(डी), ८(१)(ई)ची भिंत?

कागदवाला

येते, पण सरसकट टिकत नाही.

(डी) म्हणजे व्यापारी गुपित. सार्वजनिक पैशातून दिलेल्या अभ्यासाच्या रकमेला आणि कार्यकक्षेला ते लावणं कठीण. संस्थेनं लावलेल्या दरांच्या तपशिलाला कधी लागू होतं. तिथे कलम १० चा आग्रह धरा : तेवढा भाग काळा करा, बाकी द्या.

(ई) म्हणजे विश्वासाश्रित संबंध, विश्वासानं सोपवलेली माहिती. रिझर्व्ह बँक विरुद्ध जयंतीलाल मिस्त्री (२०१५) : नियामकानं कायदेशीर अधिकारात गोळा केलेली माहिती विश्वासाश्रित ठरत नाही. खातं आणि त्यानं पैसे देऊन नेमलेली संस्था यांच्यात तर तो संबंध सांगणं आणखी अवघड.

(आय) म्हणजे मंत्रिमंडळाची कागदपत्रं. परंतुक वाचा : निर्णय झाला आणि विषय संपला की कारणं आणि आधारसामग्री उघड करायची आहे. म्हणून निर्णयाची अधिसूचना अर्जाला जोडा.

(जे) म्हणजे वैयक्तिक माहिती. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं हे कलम पार बदललं आहे, पूर्वीची सार्वजनिक हिताची ओळ त्यातून गेली. तेव्हा लेखकांची मानधनं नावानिशी मागण्याऐवजी "मनुष्यबळ" या शीर्षाखालची एकूण रक्कम मागा. कलम ८(२) मधलं सार्वजनिक हिताचं वजन अजून शाबूत आहे, अपिलात ते मांडा.

प्रथम अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत. दुसऱ्या अपिलाला आयोगाकडे किती थांबावं लागतं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पहिलं अपील नीट लिहा : कुठल्या मुद्द्याला कुठलं कलम लावलं आणि ते का लागू नाही, मुद्देसूद.

नियम ३७७

यात (सी), म्हणजे संसदेचा विशेषाधिकार, राहिलं आणि त्याचं उदाहरण सगळ्यांत मोठं आहे.

काळ्या पैशाचा अंदाज काढायला अर्थ मंत्रालयानं २०११ मध्ये तीन संस्था नेमल्या : एनआयपीएफपी, एनसीएईआर आणि फरिदाबादची एनआयएफएम (वित्त व्यवस्थापनाची सरकारी संस्था). अहवाल आले डिसेंबर २०१३, जुलै २०१४ आणि ऑगस्ट २०१४ मध्ये. माहिती अधिकारात मागितले तर उत्तर : ८(१)(सी), अहवाल वित्तविषयक स्थायी समितीकडे आहेत, दिले तर संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग होईल. आकडे बाहेर आले ते जून २०१९ मध्ये, समितीचा अहवाल सभागृहात ठेवल्यावर.

परदेशात गेलेल्या बेहिशेबी संपत्तीचे तिघांचे अंदाज बघा. एनसीएईआर : १९८० ते २०१० मध्ये ३८४ ते ४९० अब्ज डॉलर. एनआयएफएम : १९९० ते २००८ मध्ये सुमारे २१६ अब्ज डॉलर. एनआयपीएफपी : १९९७ ते २००९ मध्ये जीडीपीच्या ०.२ ते ७.४ टक्के. कालखंड वेगळे, एकक वेगळं, पद्धत वेगळी. तिन्ही वेळेवर उघड झाले असते तर "काळा पैसा नेमका इतका" असं छातीठोकपणे सांगणं कुठल्याच बाजूला शक्य नव्हतं. मधली पाच-सहा वर्षं, ज्यात २०१४ ची निवडणूक आणि २०१६ ची नोटबंदी दोन्ही आली, चर्चा अंदाजांशिवायच चालली.

अहवाल लिहून घेणं आणि तो दाबून ठेवणं हाही धोरणावरचा प्रभावच. लॉबिंगच्या नोंदवहीत हा प्रकार कुठे बसवणार?

स्थायी समित्यांचं आणखी एक. जाहीर निवेदनात सूचना मागवतात तेव्हा खाली ठरावीक ओळ असते : दिलेली निवेदनं समितीच्या दप्तराचा भाग होतील आणि गोपनीय मानली जातील. साक्षीला कोण आलं ते अहवालात आणि जोडलेल्या कार्यवृत्तात मिळतं. त्यांनी लेखी काय दिलं ते समितीनं उद्धृत केलं तेवढंच. साक्षीदार संशोधन संस्थेतला असेल तर त्या विषयावर त्याच्या संस्थेकडे कुणाचा प्रकल्प चालू आहे, हे विचारण्याची पद्धत नाही. हा नियम बदलायला कायदाही लागत नाही, साक्षीच्या अर्जात एक रकाना वाढवायचा आहे.

चौकट राजा नाही

मंत्रालयांच्या मसुद्यांवर हरकती मागवतात त्याचं काय?

नियम ३७७

२०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस खुला ठेवायचा आणि आलेल्या अभिप्रायांचा सारांश संकेतस्थळावर टाकायचा. धोरण आहे, कायदा नाही. ३० दिवस कधी पाळतात, सारांश क्वचित येतो. याउलट ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक : त्याच्या कायद्याच्या कलम ११(४) मध्ये पारदर्शकता लिहिलेली आहे, म्हणून सल्लापत्रावरचे सगळे अभिप्राय आणि प्रति-अभिप्राय नावानिशी छापतात. दूरसंचारात कुठल्या संस्थेनं कुठल्या कंपनीसारखी भूमिका घेतली हे तासाभरात जुळवता येतं : दोन्ही अभिप्राय उघडा, उत्तरांचा क्रम आणि वापरलेले आकडे ताडून बघा. एकच आकडा दोघांकडे असेल तर त्याचा उगम शोधा. (२०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या वेळी ट्रायनं दहा लाखांवर लोकांचे ईमेल पत्ते सुद्धा छापून टाकले होते. पारदर्शकता म्हणजे ते नव्हे.)

राईनकाठी

जर्मनीचं लिहितो, कारण तिथे दोन्ही गोष्टी आहेत : सरकारी पैशावरच्या मोठ्या अर्थसंस्था आणि लॉबी-नोंदणीचा कायदा.

लाइब्निझ संघटनेतल्या (सरकारी पैशावरच्या संशोधन संस्थांचा संघ) सहा अर्थसंस्था प्रसिद्ध आहेत : बर्लिनची डीआयडब्ल्यू, म्युनिकची इफो, कीलची आयएफडब्ल्यू, एसेनची आरडब्ल्यूआय, हालेची आयडब्ल्यूएच, मानहाइमची झेडईडब्ल्यू. मूळ निधी केंद्र आणि राज्यांकडून, वर प्रकल्पांचा पैसा. यांच्यापैकी काही मिळून १९५० पासून वर्षातून दोनदा संयुक्त आर्थिक अंदाज काढतात, तो सरकारसाठीच असतो. कोलोनची आयडब्ल्यू मात्र मालक-संघटनांच्या पैशावर चालते आणि ड्युसेलडोर्फची आयएमके कामगार संघटनांशी जोडलेल्या प्रतिष्ठानाची आहे. बातमीत सगळ्यांनाच "अर्थसंस्था" म्हणतात, प्रेक्षकाला फरक कळत नाही.

नोंदणी कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू, १ मार्च २०२४ पासून कडक केला. आता तीन महिन्यांत ३० पेक्षा जास्त संपर्क झाले तरी नोंदणी लागते (आधी ५० होते), मंत्रालयातल्या विभागप्रमुखापर्यंतचे संपर्क धरतात, कुठल्या विधेयकावर काम चालू आहे ते आणि महत्त्वाची लेखी निवेदनं अपलोड करावी लागतात. चुकीची माहिती दिली तर ५०,००० युरोपर्यंत दंड.

पळवाट अशी आहे : खासदारानं किंवा सरकारनं थेट विचारणा केली म्हणून माहिती किंवा तज्ज्ञमत दिलं, तर तो संपर्क लॉबिंगमध्ये मोजत नाहीत. संशोधन संस्थेचा बहुतेक प्रभाव याच दारानं जातो. सल्लागार मंडळं, मागवलेले अभ्यास, सुनावणीतली साक्ष. भारतात तर याहून जास्त, कारण मंत्रालय स्वतःच बोलावतं. तेव्हा असा कायदा जसाच्या तसा आणला तर उद्योग-संघटना सापडतील, संशोधन संस्था निसटतील.

घासाघीस

म्हणजे नोंदणी निरुपयोगी?

राईनकाठी

निरुपयोगी नाही, अपुरी. आणि प्रायोजकाच्या नावानं सगळं उलगडत नाही याचं एक जर्मन उदाहरण आहेच. २०१४ च्या वसंतातल्या संयुक्त अंदाजात, म्हणजे सरकारी पैशाच्या आणि कुठल्याही उद्योगाची सुपारी नसलेल्या कागदात, म्हटलं होतं की ताशी ८.५० युरो किमान वेतनामुळे २०१५ मध्ये सुमारे २ लाख नोकऱ्या जातील. काही अर्थतज्ज्ञांचे आकडे ९ लाखांपर्यंत गेले होते. १ जानेवारी २०१५ ला किमान वेतन आलं. "मिनी-जॉब" (अल्पवेतनाच्या छोट्या नोकऱ्या) घटले, सामाजिक विम्याच्या नोकऱ्या वाढत राहिल्या, बेरोजगारी उतरत गेली. चूक प्रतिमानात होती : वेतन वाढलं की मागणी घटते, मालकाची बाजारशक्ती शून्य धरलेली. ते प्रतिमान कुणी विकत घेतलेलं नव्हतं, त्या पिढीचं शिक्षणच तसं होतं. विरोधकांना मात्र आयता दारूगोळा मिळाला.

तळटीप

म्हणूनच माहिती-सामग्री आणि संगणक-कोड खुला करण्याची अट अनुदानातच हवी. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशननं २०१२ पासून आपल्या नियतकालिकांत नियम केला : विषयाशी हितसंबंध असलेल्या पक्षाकडून गेल्या तीन वर्षांत एकूण १०,००० डॉलर किंवा अधिक मिळाले असतील तर लेखकानं सांगायचं. आपल्याकडे वृत्तपत्रातल्या लेखाखाली "लेखक अमुक संस्थेत प्राध्यापक आहेत" एवढंच येतं. अर्थसंकल्पाच्या आठवड्यात असे लेख मोजून बघा.

लेखाशीर्ष

करारातल्या अटींबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. करारनामा हातात आला की आधी चार कलमं बघा.

प्रकाशनाचा हक्क : "खात्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय प्रसिद्ध करू नये" आणि मुदत नाही, म्हणजे कायमचा नकाराधिकार. "६० दिवसांत हरकत न आल्यास प्रसिद्ध करता येईल" असेल तर ठीक. मालकी : सामग्री कुणाची. शेवटचा हप्ता : "समाधानकारक अहवाल स्वीकारल्यावर" ३०-४० टक्के रक्कम अडकवलेली असेल तर मसुद्यावरच्या अभिप्रायाला किती वजन येतं ते समजून घ्या. आणि सुकाणू समिती : तीत कोण आहे, ज्या योजनेचं मूल्यमापन करायचं तिचेच अधिकारी अध्यक्ष आहेत का.

खर्च कुठल्या उद्दिष्ट-शीर्षाखाली (खर्चाचा प्रकार सांगणारा सांकेतिक क्रमांक) पडला तेही बघा. ३१ म्हणजे सर्वसाधारण सहायक अनुदान, २८ म्हणजे व्यावसायिक सेवा. अनुदान असेल तर सामान्य वित्तीय नियमांच्या (जीएफआर) १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र मागता येतं. व्यावसायिक सेवा असेल तर ते नसतंच, देयकं आणि स्वीकृती-टिपणी मागा. चुकीचा कागद मागितला की "अशी माहिती उपलब्ध नाही" हे खरं उत्तर मिळतं आणि अपिलातही हरायला होतं.

मधली सुट्टी

उपयुक्त धागा. महाराष्ट्रापुरतं विचारते. "मित्रा" (२०२२, राज्य सरकारची धोरण-सल्लागार संस्था) आणि एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखालची आर्थिक सल्लागार परिषद, इथे उद्योगातली माणसंच सल्ला देणाऱ्या खुर्चीत आहेत. हे संशोधन संस्थेपेक्षा वेगळं प्रकरण ना? आणि पुण्या-मुंबईतल्या नोंदणीकृत संस्थांचे हिशेब कुठे मिळतील?

कागदवाला

वेगळंच. तिथे पैसा शोधण्यापेक्षा बैठकांची इतिवृत्तं, सदस्यांनी हितसंबंध जाहीर केल्याच्या नोंदी आणि नेमणुकीचे शासन निर्णय महत्त्वाचे. अर्ज राज्याच्या नियोजन विभागाकडे. कलम ४(१)(सी)चा उल्लेख करा : महत्त्वाचं धोरण आखताना संबंधित वस्तुस्थिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचं बंधन आहे. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभाग निवडून "मूल्यमापन", "सल्लागार", "अभ्यास" असे शब्द टाकून शोधा. कुठल्या संस्थेला किती रकमेचं काम दिलं ते बऱ्याचदा शासन निर्णयातच असतं, अर्ज करायचीही गरज पडत नाही. शोध एकाच शब्दावर थांबवू नका, "मुल्यमापन" असं ऱ्हस्व लिहिलेलेही निघतात.

दुसऱ्या प्रश्नाचं : सोसायटी म्हणून नोंदलेली संस्था महाराष्ट्रात बहुधा सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असते. धर्मादाय आयुक्तांकडे ताळेबंद परिशिष्ट आठमध्ये आणि उत्पन्न-खर्च परिशिष्ट नऊमध्ये भरलेला असतो. अर्ज करून नक्कल मिळते. अर्जात नोंदणी क्रमांक टाका, नुसत्या नावावर शोधायला लावलंत तर महिने जातात. न्यासाच्या नोंदवहीतलं नाव आणि पाटीवरचं नाव वेगळं असू शकतं.

लेखाशीर्ष

भर घालतो : परिशिष्ट नऊमध्ये देणग्या आणि अनुदानं एकेका ओळीत, एकूण आकड्यात येतात. देणाऱ्याचं नाव नसतं. नक्कल मागताना "लेखापरीक्षकाचा अहवाल, टिपा व सर्व जोडतक्त्यांसह" असं लिहा, नाहीतर दोन पानं हातात देतात. आणि लागोपाठच्या तीन वर्षांच्या मागा. प्रकल्पाचा पैसा एका वर्षी देण्यांत दिसतो आणि पुढच्या वर्षी खर्चात, एकाच वर्षाचा कागद बघितला तर तो कुठून आला ते जुळत नाही.